मोघम आभार चालणार नाहीत

आमच्या सरांनी ज्याबद्दल आभार मानले नाहीत अशी एखादी गोष्ट धाराशिव जिल्ह्यात शिल्लक असलीच, तर ती अजून त्यांच्या नजरेला पडलेली नसणार, एवढंच मी म्हणेन. भाकरीबद्दल मानत. भाकरीच्या ज्वारीबद्दल मानत. त्या ज्वारीवर बसलेल्या चिमण्यांनी सगळी कणसं न खाता थोडी माणसांसाठी सोडली, याबद्दल मानत. लाईट आली की आभार, इथवर कुणीही समजून घेईल, पण लाईट गेली की हा माणूस डोळे मिटून म्हणायचा, "पित्या, पंख्याचा खडखडाट थांबवलास, तुझे उपकार." मी गोष्टी फुगवून सांगतो असा माझ्यावर जुना आरोप आहे आणि तो मी कधी नाकारलेला नाही. पण सरांच्या बाबतीत फुगवायला जागाच नव्हती. ते आधीच तट्ट फुगलेले. मी नुसता दोरा सोडतोय.

गाव जळकोटच्या पुढं, हायवेला चिकटून. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा कळलं, की गावात मास्तरला खोली मिळत नाही आणि मिळालीच तर भूगोलाच्या सरांकडं मिळते. सर ख्रिस्ती. त्यांच्या वडिलांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. ते प्रचारक होते. सायकलच्या कॅरिअरला पेटी बांधून खेड्यापाड्यांत भजनं गात फिरायचे. त्यांना दोन मुलं. थोरले आमचे सर. धाकटा मोटारी भरायचा, म्हणजे बोअरमधल्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचा. अण्णांच्या आवारात दोघं भाऊ शेजारीशेजारी राहत. मध्ये भिंत.

आणि इथंच मला माझं पहिलं वाक्य दुरुस्त करायला हवं. सरांनी ज्याबद्दल कधीच आभार मानले नव्हते अशी एक गोष्ट होती. ती भिंतीपलीकडं राहायची.

पण आधी चहाचं सांगतो.

शाळेत पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत शिपाईमामांनी सगळ्यांसमोर एकेक कप ठेवला आणि सरांसमोर दोन. मी म्हटलं, असेल ज्येष्ठता. तसं नव्हतं. सरांनी डोळे मिटले आणि चहावर बोलायला लागले. दुधाबद्दल, म्हशीबद्दल, म्हशीनं पाठीमागच्या आठवड्यात मामांना लाथ मारली ती गुडघ्याखाली बसली याबद्दल, आसामात चहा खुडणाऱ्या बाईबद्दल (भूगोलाचे सर पडले), तिच्या पायाला न चावलेल्या जळवांबद्दल. आम्ही चहा पिऊन, कप विसळून, तिसऱ्या तासाची हजेरी घेऊन आलो तरी सर आसामातच. डोळे उघडले तेव्हा पहिल्या कपावर साय धरली होती.

मी म्हटलं, "सर, गार झाला की."

"व्हय का? बरं झालं सांगितलं. जीभ पोळायची वाचली, त्याबद्दल राहिलंच की." आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसरा कप त्यासाठी असायचा. एक आभारासाठी, एक पिण्यासाठी. पहिल्यावर माश्या बसत. मामा शपथेवर सांगायचे की त्या शाळेतल्या माश्यासुद्धा चहात पडायच्या आधी क्षणभर थांबायच्या.

आता कुणाला वाटेल, भोळसट माणूस असणार, सगळ्याला बरं म्हणणारा. साफ चूक. आभाराच्या बाबतीत सर सराफासारखे होते. कसाला लावल्याशिवाय काही घेत नसत. "मोघम आभार चालणार न्हाईत," हे त्यांचं पहिलं. 'सगळ्याबद्दल धन्यवाद' म्हणणाऱ्या माणसाचा त्यांना खरोखर राग यायचा. दुसरं असं, की कालचा आभार आज वापरायचा नाही. काल भाकरी मऊ होती म्हणून मानले असतील तर आज भाकरीत दुसरं काहीतरी शोधायचं, नाहीतर गप बसायचं. आणि खोटा आभार तर अजिबात नाही. "माणसाला खोटं बोललं तर तो फसतो," ते म्हणायचे. "देवाला बोललं तर आपणच फसतो, आन त्यो बघत बसतो."

गल्लीच्या टोकाला पत्र्याचं छोटं चर्च होतं. सुगीनंतर तिथं उपकारस्तुतीचा सण असायचा. लोक शेतातलं पहिलं पीक आणून वेदीपुढं ठेवत: तुरीची पेंढी, भोपळे, एखादी पाय बांधलेली कोंबडी. मग त्याचा लिलाव. पहिल्या वर्षी सर मला घेऊन गेले. नगरकडचे एक तरुण पाळकसाहेब नुकतेच आले होते, आवाज मोठा गोड. त्यांनी हात वर केले आणि सुरुवात केली, "हे प्रभू, या वर्षात तू दिलेल्या सर्व आशीर्वादांबद्दल, सर्व दानांबद्दल, सर्व..."

मंडळीतून सर उभे. "पाळकसाहेब, एक तरी सांगा."

"काय?"

"सर्व सर्व म्हणताय मघापासनं. त्यातलं एक तरी नाव घेऊन सांगा की."

चर्चमध्ये अशी शांतता पसरली की कोंबडीसुद्धा मान तिरकी करून पाळकांकडं बघायला लागली. पाळकसाहेब लाल झाले, पांढरे झाले, आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं त्याला मी आजही दाद देतो: "हे प्रभू, माझी प्रार्थना दरवेळी लांबते. आज या सरांनी ती मध्येच थांबवली, त्याबद्दल मी आणि ही भुकेली मंडळी तुझे आभार मानतो."

त्या आमेननं पत्रे उडाले नाहीत, कारण त्यांवर दगड ठेवलेले होते.

सरांच्या मागं मोटारसायकलवर बसणं हा वेगळा प्रकार. गाडी चालवताना ते मोठ्यानं आभार मानत. मला सगळी भीती डोळ्यांची. मी एकदा विचारलं, "सर, डोळे उघडे ठेवून चालतं का हे?"

"चालतंय. गाडीवर असलं की आमचं तसं ठरलेलं हाय."

तुळजापूरच्या अलीकडं भर उन्हात टायर बसला. झाड नाही, टपरी नाही, चिटपाखरू नाही. मी कपाळाला हात लावला. सर टायरापुढं उकिडवे बसले, बराच वेळ बसले. मला वाटलं, आता सापडत नाही, आज हरले. मग उठून म्हणाले, "मागचा बसलाय. पुढचा बसला असता तर तुमी माझ्या डोक्यावरनं तुळजापुरात पोचला असता." आणि गाडी ढकलायला लागले. ढकलत ढकलत मीही मनात म्हटलं, खरंय की.

तर मुद्दा पहाटेचा.

रोज पहाटे सर अंगणात पाटावर बसून आभाराची प्रार्थना करत. अण्णांचाच आवाज उचललेला, उघड्या माळावर गायला कमावलेला. ती प्रार्थना सोलापूरहून येणारी पहिली बस थांबवायची, असं मी म्हणत नाही. बस तिथं थांबायचीच. पण ड्रायव्हर इंजिन बंद करायचा हे खरं आहे. देवाचं, आकाशाचं, तब्येतीचं झालं की सर गल्लीत शिरत. म्हणजे प्रार्थनेतून. एकेक घर, एकेक माणूस, त्यानं काल काय केलं त्यासकट. किराणा दुकानवाले अप्पा लिंगायत, बांगड्यांची चाची मुसलमान, एसटीतले कंडक्टरकाका बौद्ध. पण सगळी गल्ली त्या वेळी तोंडात ब्रश धरून दारात उभी. आपलं नाव येतं का, याच्याकडं कान.

अप्पा एकदा तणतणत आले. "सर, लई दिवस झाले, आमचं नाव न्हाय. आमी काय पाप केलं?"

"पाप कशाला अप्पा? तुमी काही केलंच न्हाय. पुण्य न्हाय, पाप न्हाय. म्या सांगू काय त्याला?"

दुसऱ्या दिवशी अप्पांनी दुकानापुढची तुंबलेली गटार स्वतः फावड्यानं साफ केली. तिसऱ्या पहाटे नाव आलं, गटारीसकट. त्यांनी ते मोबाईलवर टेप करून पुण्याच्या मुलाला पाठवलं. मग काय विचारता. चाचीनं फुटक्या बांगडीची काच वेचायला सुरुवात केली. कंडक्टरकाका म्हाताऱ्यांना हाताला धरून बसमधून उतरवायला लागले. ग्रामपंचायतीला जे जन्मात जमलं नसतं ते केवळ नाव यायच्या हावेनं आमच्या गल्लीत झालं. चाची एकदा सोलापूरला लेकीकडं जाऊन आली आणि थेट सरांच्या दारात. "सर, कल मेरा नाम लिये क्या नई?"

"चाची, तुमी काल गावात कुठं होता?"

"नई थी तो क्या हुआ? मैं उधर से कान लगा के बैठी थी!"

माझं नाव फार उशिरा आलं. मी सरांच्याच माळवदावरच्या, म्हणजे मातीच्या सपाट छतावरच्या खोलीत राहायचो. एका पहाटे ऐकलं, "वरच्या खोलीतले सर इतके घोरतात पित्या, की चोरास्नी वाटतं हितं वाघ पाळलाय, त्याबद्दल तुझे आभार." गल्ली हसली. मीही हसलो. आणि दिवसभर, कोण जाणे का, छाती पुढं काढून चाललो.

अशी सगळी गल्ली व्हायची. अप्पा, चाची, काका, माळवदावरचा मी, बोळातलं कुत्रं. आणि चाचीच्या घराकडून काकांच्या घराकडं जाताना मध्ये एक घर लागायचं. तिथं सरांचा आवाज थांबायचा. एक श्वास. मग पुढच्या घरी.

ते धाकट्याचं घर.

भिंतीची हकिकत मला सरांच्या मंडळींनी सांगितली. त्यांना मी वहिनी म्हणायचो. जिभेला धार, हाताला चव. अण्णा गेले आणि वर्षभरात धाकट्यानं अंगणाच्या मधोमध भिंत घातली. तीही सर इलेक्शन ड्यूटीवर असताना. सर मतपेट्या पोचवून परत आले, तर जिथं अण्णांची बाज असायची बरोबर तिथं भिंत उभी, पलीकडच्या बाजूला ओलं प्लास्टर.

"का घातली पण?" मी विचारलं.

"का म्हंजे? ह्यांच्या आभारामुळं," वहिनी म्हणाल्या. "धाकट्याला पहाटं झोप लागायची न्हाय. रात्रभर मोटारी भरायचा बिचारा. दोनदा सांगितलं, दादा हळू म्हण. दादा म्हणले, अण्णा हळू म्हणत होते का? झालं. घातली भिंत."

"मग आवाज थांबला?"

"कशाचा थांबतोय! तवापासनं तर अजून मोठा."

तेव्हापासून दोघं बोलत नव्हते. लग्नात, मयताला, नाताळात, चर्चमध्ये, कुठंच नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकरी आणि द्राक्षरसाचं ताट फिरायचं तेव्हा, दोघंही बाकावर बसून राहत, ताट पुढं जाऊ देत. मनात भांडण ठेवून ते घ्यायचं नसतं. दोघांनी ते कधी घेतलं नाही, म्हणजे निदान तेवढ्या बाबतीत दोघं प्रामाणिक होते. इतक्या वर्षांत सर त्याच्याविरुद्ध एक शब्द बोलले नाहीत. तक्रार नाही, शिवी नाही. नुसता तो एक श्वास. मी तरी त्याच्याहून लांब शिवी ऐकलेली नाही.

मग एका उन्हाळ्यात धाकट्याच्या छातीत कळ आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, छाती उघडावी लागेल, लांबवू नका. दिवस ठरला. त्या पहाटे हायवेवरून एक क्रूझर जीप गल्लीत येऊन उभी राहिली. धाकट्याची बायको पिशव्या घेऊन आत बसली. मला सोबत जायचं होतं, मीही बसलो. धाकटा येईना. मी उतरून आत गेलो. तो भिंतीला पाठ लावून, पायात चपला घालून, अंगणात बाजेवर बसलेला.

"चला की," मी म्हटलं.

"दादाचं होऊ दे," तो खोकून म्हणाला.

"काय होऊ दे?"

"प्रार्थना. माझं नाव येऊ दे. त्याशिवाय म्या उठत न्हाय."

बायको गाडीतून ओरडली, "अवो, डॉक्टर थांबणार हाय का तुमच्यासाठी?"

"न थांबू दे." मग माझ्याकडं बघून, आवाज खाली आणून तो म्हणाला, "सर, छाती फाडणार हाईत. समजा वर गेलो. वर अण्णा बसलेत. पहिलं विचारतील, दादा निघताना काय म्हणला? काय सांगू? अण्णा, त्यो कुत्र्यापर्यंत आला आन मला ओलांडून गेला, आसं सांगू?"

मी पळत बोळ वळून पलीकडच्या अंगणात गेलो. सर पाटावर बसलेले, डोळे मिटलेले. वहिनींनी त्यांना आधीच सगळं सांगितलं होतं. त्या भिंतीत बोलणं लपत नव्हतंच. सरांनी सुरुवात केली. देव, आकाश, तब्येत. मग गल्ली. अप्पा. चाची. आणि तिथं आवाज थांबला. पण या खेपेला श्वास घेऊन पुढं गेला नाही. थांबलाच.

गल्ली दारातून रस्त्यावर आली. रस्त्यावरून अंगणात आली. क्रूझरचा ड्रायव्हरसुद्धा येऊन उभा राहिला. सरांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

"म्हणा की काय तरी," वहिनी म्हणाल्या.

"सापडंना," सर डोळे न उघडता म्हणाले.

अप्पा पुढं झाले. "सर, धाकट्यानं माझी बोअरची मोटार ऐन उन्हाळ्यात एका दिवसात भरून दिली. ते म्हणा."

"ती तुमची मोटार. त्याचे आभार तुमी माना. मला उसने चालत न्हाईत."

"मेरे बुड्ढे को दवाखाने ले को गया था भाई, बारिश में," चाची म्हणाली.

"चाची, ते बी तुमचं."

कंडक्टरकाका खाकरले. "सर, नियम एका दिवसापुरता बाजूला ठेवा. निस्तं 'माझ्या भावाबद्दल आभार' म्हणा. झालं."

"मोघम व्हतंय काका."

अप्पांचा धीर सुटला. "आवो, मग खोटं म्हणा! देव काय तपासाय येतंय व्हय?"

"अप्पा, तुमचा काटा खोटा केला तर चालंल का?"

अप्पा टोपी सारखी करायला लागले. चाचीनं त्यांच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की उदाहरण जरा बरं निवडायला हवं होतं असं मला वाटून गेलं.

वहिनी सरांच्या पुढ्यात बसल्या. त्यांना मी कधी हळू बोलताना ऐकलं नव्हतं. त्या हळू म्हणाल्या, "चिमण्यांबद्दल सापडतंय तुमाला. माश्यांबद्दल सापडतंय. एका आईच्या पोटचा हाय त्यो. नीट बघा."

सरांनी मान खाली घातली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. टायरापुढं बसले होते तेव्हाचा तो चेहरा, पण तेव्हा हरले असते तर फार तर एक आभार हुकला असता. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला तो माणूस आवडला नाही. एक वाक्य. पलीकडं भाऊ चपला घालून बसलाय, गाडी उभी आहे, आणि हा आपला कसाला लावत बसलाय.

तेवढ्यात भिंतीपलीकडून खोकल्याचा आवाज आला. कोरडा, लांब, मुद्दाम उकरून काढल्यासारखा.

सरांची मान वर झाली. डोळे मिटलेलेच. आणि त्या कमावलेल्या आवाजात ते बोलायला लागले.

"हे दयाळू पित्या. माझ्या भावानं भिंत बांधली. तू बघितलंस. म्या इलेक्शन ड्यूटीवर होतो. भिंत बांधली ती वाईट केलं, ते म्या मागं घेत न्हाय. पण त्यानं ती चार इंची बांधली. विटा उभ्या लावल्या. नऊ इंची बांधली असती तर मला पलीकडचं काय बी ऐकू आलं नसतं. चार इंची बांधली म्हणून रोज पहाटं त्यो खोकतो, ते ऐकू येतं. त्यो खोकला की मला कळतं, हाय. जित्ता हाय. मग म्या तुझ्याशी बोलायला सुरुवात करतो. एक दिवस बी त्याच्या आधी केली न्हाय. हे तुला आजवर सांगितलं न्हाय, तुला ठाऊक आसंल. भिंत पातळ बांधल्याबद्दल, माझ्या भावासाठी, मी तुझे आभार मानतो."

आणि पलीकडून धाकट्याचा आवाज आला. इतक्या वर्षांत मोठ्या भावाला उद्देशून बोललेलं ते पहिलं वाक्य.

"चार न्हाय! प्लास्टर धरून साडेपाच हाय!"

"एका बाजूनंच केलंय प्लास्टर!" सर डोळे उघडून ओरडले. "माझ्या बाजूनं अजून विटा दिसत्यात!"

"तुझी बाजू तू कर की!"

मग क्रूझरचं दार लागल्याचा आवाज आला. भेट वगैरे झाली नाही. गळ्यात पडायला ती काय सिनेमातली गल्ली नव्हती. मी धावत जाऊन गाडीत चढलो.

हायवेला लागल्यावर धाकट्यानं खिडकीची काच वर केली. मग म्हणाला, "सर, दादाला खरंच रोज ऐकू येतंय खोकला?"

"ते तसं म्हणाले तर येत असणार. ते खोटं म्हणत नाहीत."

तो गालात हसायला लागला. "म्या मुद्दाम खोकत होतो, सर. दादा प्रार्थनेला बसला की त्याला डिवचायला. रोज, ठरवून. उठल्या उठल्या पहिलं काम." हसता हसता त्याला खरा खोकला आला आणि बायकोनं त्याच्या पाठीवर जरा जोरातच थापट्या मारल्या.

ऑपरेशन झालं. ते कसं झालं याबद्दल मी पुष्कळ रंगवून सांगू शकतो, पण मी बाहेर बाकावर झोपलो होतो.

धाकटा सोलापुरात होता तितके दिवस आमच्या गल्लीत पहाट झालीच नाही म्हणा. सर अंगणात येऊन पाटावर बसत, पण प्रार्थनेला सुरुवात करत नसत. डोळे उघडे, कान भिंतीला. पलीकडं घराला कुलूप. ऊन अंगणात आलं की उठून आत जात. घरात ते गुडघ्यावर असतात, असं वहिनी सांगायच्या. "मागणं चाललंय आत. आभार बंद हाईत." मागणं आणि आभार हे दोन वेगळे रस्ते असतात आणि सर एकावरून दुसऱ्यावर उगीच उडी मारत नसत. इकडं गल्लीची घडी बिघडली. अप्पांचं दुकान उशिरा उघडायला लागलं. पहिल्या बसचा ड्रायव्हर आवाज नाही म्हणून थांबा ओलांडून पुढं जायचा आणि कंडक्टरकाका मागून शिट्ट्या मारत पळायचे.

आणि मग एका संध्याकाळी ती क्रूझर परत आली. धाकटा उतरला, निम्मा झालेला, छातीशी उशी कवटाळून. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं, छातीत कफ धरता कामा नये, रोज खोकायचं, खोकताना उशी घट्ट दाबून धरायची. म्हणजे जे काम तो खोडी म्हणून करत होता ते आता औषध म्हणून लिहून दिलेलं.

दुसऱ्या पहाटे सगळी गल्ली अंधारातच दारात. भिंतीपलीकडून बारीक खोकला आला, उशीत दाबलेला. लगेच अलीकडून सरांचा आवाज लागला. देव. आकाश. तब्येत. अप्पांचं नाव आलं, चाचीचं आलं, आणि आम्ही सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

आवाज थांबला.

एक श्वास गेला. दुसरा गेला. चाचीनं पदर तोंडात धरला. अप्पा माझ्याकडं बघायला लागले, मी माळवदावरून खाली बघायला लागलो. मला एका बाजूला सर दिसत होते, डोळे मिटून बसलेले, आणि दुसऱ्या बाजूला धाकटा, उशी धरून बाजेवर. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"दादा, म्या आलोय."

"ऐकलं."

"मग?"

"भिंतीचं मागं म्हणून झालंय. ते आता चालत न्हाय," सर म्हणाले. "आजचं सापडू दे. शोधतोय. गडबड करू नगंस."

धाकट्यानं उशी पाठीमागं घेतली, चपला काढल्या, पाय वर घेतले आणि भिंतीला टेकून नीट बसला.

"बसलोय," तो म्हणाला. "शोध निवांत."